नानाचा ठिपका

बर्फाच्या डोंगरावर एकटा जाऊन आलो म्हटल्यावर वसईजवळच्या आमच्या उमेळ्यात लोक पहिलं विचारतात ते थंडीचं. किती होती, कशी सोसली, अंगात काय काय घातलं होतं. मग विचारतात, वर पोचलास का? पोचलो असं सांगितलं की पाठीवर थाप पडते आणि विषय दुसरीकडे वळतो. उत्तर खरंच आहे. पण ते देताना मला दरवेळी काहीतरी लपवल्यासारखं वाटतं, म्हणून सगळा प्रवास एकदा नीट लिहून काढतो आहे.

वालीव

वालीवला आमचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी आणि नानाने ते सुरू केलं. नाना आमचा नातेवाईक नाही, आमच्याच आळीतला. दोघांच्या घरची खाडीकाठची भातशेती होती. दोघांनी ती भावांवर सोडली, एकाच वर्षी लेथ शिकले आणि वालीवला एक गाळा घेतला. वडील गेले तेव्हा मी नुकताच कॉमर्सचा पदवीधर झालो होतो आणि मला स्पॅनर कुठल्या हाताने धरायचा तेही ठाऊक नव्हतं. नानाने मला शिकवलं, तेही माझ्यावर कधी आवाज न चढवता. आज तो सत्तरीच्या पुढे आहे. येऊ नकोस म्हटलं तरी रोज सकाळी डबा घेऊन हजर असायचा.

नानाची एक सवय होती. स्वतःच्या हाताने केलेला भाग तपासून झाला की तो सेंटर पंच या टोकदार लोखंडी कांडीने आणि हातोडीने त्याच्यावर कोपऱ्यात एक बारीक ठिपका मारायचा. तिळाएवढा. गिऱ्हाइकाला तो दिसतही नाही. ठिपका असला की तो तुकडा नानाच्या नजरेखालून गेला असं समजायचं आणि बिनधास्त पाठवून द्यायचा. आमच्याकडून गेलेला ठिपक्याचा माल परत आल्याचं मला आठवत नाही.

मला बर्फाचं वेड लागलं ते उशिरा, चाळिशीनंतर. आधी गावाजवळचा तुंगारेश्वरचा डोंगर, मग सह्याद्रीतले किल्ले, मग हिमालयातला एक कोर्स आणि त्यात स्की. पाठीवर वाळूची पिशवी बांधून मी तुंगारेश्वर चढायला लागलो तेव्हा गावाने मला मोडीत काढलं. बर्फच हवा तर बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात जा, येताना पापलेट पण घेऊन ये, असं शेजारचा बाळकृष्ण म्हणायचा. पाच हिवाळे गेले आणि मी बऱ्यापैकी स्की करायला लागलो. मग ठरवलं की एक डोंगर एकट्याने करायचा. मनालीच्या वरच्या अंगाला पाच हजार मीटरच्या थोडं वर जाणारं एक शिखर आहे. हिवाळ्यात पायथ्यापासून स्कीवर जायचं, वरचा भाग पायी चढायचा. गाइड नको, जोडीदार नको. का, असं बायकोने विचारलं होतं. एकदा बघायचं आहे की माझं मला जमतं का, असं मी सांगितलं. हे उत्तर मला तेव्हा फार भारदस्त वाटलं होतं.

स्कीवर चढ चढताना तिच्या तळाला केसाळ पट्टा चिकटवतात. केस मागे झुकलेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पण वाऱ्याने बर्फ टणक झाला की केसांचं काही चालत नाही. तेव्हा बुटाखाली एक दातेरी पट्टी बसवावी लागते. ती स्कीच्या दोन्ही कडांवरून खाली वळलेली असते आणि तिचे दात बर्फात रुततात. माझ्या जुन्या स्कीला बाजारातली बसेना, म्हणून नानाला सांगितलं. त्याने नमुना हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि ही तर खवनी, नारळ कुठाय, असं विचारलं.

पट्ट्या ॲल्युमिनियमच्या कडक पत्र्याच्या करायच्या होत्या. असा पत्रा थंड असताना वाकवला की वळणावर आतून चिरतो, आणि चीर वरून दिसत नाही. त्यावर नानाचा जुना उपाय असा: जिथे वाकवायचं तिथे कपड्याच्या साबणाची वडी चोळायची, मग गॅसच्या बत्तीने शेकायचं. साबण काळा पडला की ज्योत बाजूला करायची. पत्रा तेवढ्यापुरता नरम झालेला असतो. कमी शेकला तर चिरतो, जास्त शेकला तर लोळागोळा होतो. सगळा खेळ साबणाच्या रंगाचा. नानाने दोन पट्ट्या केल्या, दोन्हींवर ठिपका मारला आणि माझ्या हातात देताना म्हणाला, "घे. आता तू घसरलास तर तुझी चूक."

निघण्याच्या आदल्या शनिवारी त्यातली एक पट्टी माझ्या हातून वर्कशॉपच्या अंगणात पडली आणि रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोच्या चाकाखाली सपाट झाली. नाना घरी गेला होता. त्याच्या दोन दिवसांच्या मेहनतीचं मी काय केलं ते त्याला सांगायची मला लाज वाटली. चपटी पट्टी मी भंगाराच्या पिंपात टाकली आणि रविवारी बंद वर्कशॉप उघडून तशीच दुसरी केली. नमुना समोर होता, हात त्यानेच घडवलेला होता, पट्टी हुबेहूब आली. फक्त मोरीवर साबण नव्हता. नाक्यावर जाऊन आणायचा कंटाळा केला आणि पत्रा थंडच वाकवला. एवढासा तर तुकडा, काय होतंय, असं म्हणालो. ती पट्टी उजव्या स्कीला लावायची असं मनाशी ठरवलं आणि दोन्ही एकाच पिशवीत टाकल्या.

देव बाहेरगावी

गावाचं नाव देत नाही, कारण तिथे मी जसा वागलो ते लक्षात घेता त्यांना माझी ओळख नको असेल. देवदारांच्या खाली तीसेक घरं. लाकूड आणि दगडाची, खाली गाई, वर माणसं. मी उतरलो टेकरामकडे. पन्नाशीचा सफरचंदवाला, हिवाळ्यात दोन खोल्या भाड्याने देतो. त्याने दारातच, जवळजवळ कुजबुजत, मला गावाचा नियम सांगितला. संक्रांतीपासून सहा आठवडे त्यांचा देव गावात नसतो. वर स्वर्गात देवांची सभा असते, तिकडे जातो. देऊळ बंद, गाभाऱ्यात माती लिंपलेली. देव परत आला की ती माती उकलून बघतात आणि तिच्यात जे सापडेल त्यावरून वर्ष कसं जाणार ते ठरवतात. तोवर गावात टीव्ही नाही, रेडिओ नाही, जमीन खणायची नाही, आणि मोठ्याने बोलायचं नाही. फोनवर बोलायचं तर नाल्यावरचा पूल ओलांडून पलीकडे जायचं.

आमच्या वसईत ख्रिस्ती शेजाऱ्यांचे उपवासाचे चाळीस दिवस असतात. त्यात लग्नं होत नाहीत, बँड वाजत नाही, मांसमच्छी टाळतात. मी तेवढंच काहीतरी समजलो. पण इथे लहान मुलंसुद्धा हलक्या आवाजात भांडत होती. एक पोर बर्फावर आपटलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि घरात जाऊन रडलं.

जेवण मात्र जोरात होतं. टेकरामच्या बायकोने, तिला सगळे भाभी म्हणतात, सिड्डू केले. गव्हाच्या फुगलेल्या पिठात अक्रोडाचं सारण भरून वाफवलेले गोळे, वर तुपाची धार. आमच्या मोदकाचे हे रांगडे भाऊबंद. मीही घरची सुक्या बोंबलाची चटणी मोठ्या कौतुकाने पुढे केली. झाकण उघडताच भाभींनी पदर नाकाला लावला, डबा दोन बोटांत धरून बाहेरच्या कठड्यावर नेऊन ठेवला आणि तिथून तो कुत्र्याने पळवला. कुत्रा पुढचे तीन दिवस माझ्या मागे मागे होता. बरोबर आणलेल्यांतली सुकेळी तेवढी सर्वांना आवडली. ती नानाच्या बायकोने, काकीने, दिली होती. राजेळी केळी उन्हात वाळवून पानात बांधलेली. थंडीत ती लाकडासारखी व्हायची, म्हणून मी ती बनियनच्या आत ठेवत असे.

टेकराम म्हणाला की पुतण्या मोकळा आहे, त्याला बरोबर न्या. मी नको म्हटलं.

पहिल्यांदा

देवदारांतून स्कीवर निघालं की पहिला तास निव्वळ सुख असतं. बर्फ भुसभुशीत, स्की सरकल्याचा सर्र आवाज आणि मधूनच फांदीवरून पडणारा बर्फ. झाडं संपली की गुराख्यांच्या उन्हाळी झोपड्या लागतात. त्या छपरापर्यंत गाडलेल्या होत्या. त्यांच्या वरच्या सपाटीवर तंबू लावला. बर्फ वितळवून पाणी करायला दोन तास गेले आणि खिचडी शेवटपर्यंत कच्चीच राहिली. खोबरेल तेलाची बाटली दगड झाली होती. ती कशाला आणली होतीस, असं कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी वरच्या उतारावर टणक बर्फ लागला. तिथे पट्ट्या लावल्या. तिरकस चढत होतो, उजवीकडे खोल घळ. साधारण मध्यावर पायाखाली काडकन आवाज झाला, डावी स्की सुटून सरकली आणि मी तिच्याबरोबर खाली. किती गेलो ते सांगता येत नाही. हातातली बर्फाची कुऱ्हाड रोवायचा प्रयत्न दोनदा फसला, तिसऱ्यांदा ती धरली. थांबलो तेव्हा घळीची कड आमच्या वर्कशॉपच्या लांबीएवढी दूर होती. गुडघा मुरगळला होता, हातमोजा फाटला होता. डाव्या स्कीखालची पट्टी वळणावर दुभंगली होती.

डावी म्हणजे नानाची. त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच आलं. तुकडे खिशात कोंबले, तंबू गुंडाळला आणि लंगडत संध्याकाळच्या आत गावात आलो. उतरताना सगळा वेळ मनातल्या मनात नानाशी भांडत होतो. गेल्या वर्षापासून त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन पुढे ढकलतो आहे, हे मला माहीत होतं. टेकरामच्या अंगणात पोचलो, फोनला रेंज दिसली, आणि पुलापलीकडे जायचं भान मला राहिलं नाही.

"नाना, तुझी पट्टी मोडली," मी ओरडून म्हणालो. "डोळ्यांना दिसत नाही तर कामाला हात कशाला लावतोस? साबण काळा झाला की नाही ते तरी कळतं का तुला? मेलो असतो मी आज."

पलीकडे मशीन चालू होतं. ते बंद झाल्याचं ऐकू आलं. मग नाना म्हणाला, "कुठं लागलं नाय ना तुला?"

मी फोन कापला. मान वर केली तर आजूबाजूच्या सज्ज्यांत माणसं येऊन उभी होती. एकेक करून आत गेली. टेकरामने माझ्या पाठीवरची पिशवी उतरवून घेतली आणि हळूच म्हणाला, "भाईजी, जो कहना था, कल भी तो कह सकते थे."

मग त्याने टोपी घातली आणि तो बाहेर पडला. कुठे गेला ते मला भाभींनी सांगितलं. आपल्या घरात आवाज झाला हे देवळाच्या माणसांना आपणहून जाऊन सांगावं लागतं आणि देव परतल्यावर त्याचा दंड भरावा लागतो. दंड किती, असं मी विचारलं आणि मी देतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. घर आमचं आहे, असं म्हणाल्या आणि गुडघ्याला लावायला गरम तेल आणून दिलं.

पुलाच्या अलीकडे

सकाळी कठड्यावर ऊन आलं तेव्हा सामान सुकत घातलं. उजव्या स्कीखालची शाबूत पट्टी काढून पुसली. तिच्या कोपऱ्यात तिळाएवढा ठिपका होता.

मी खिशातले तुकडे काढले. एक पुसला, दुसरा पुसला, नखाने कोपरे खरवडले. ठिपका कुठेच नव्हता. उतारावर गारठलेल्या बोटांनी पट्ट्या लावताना माझी डावीकडे गेली होती आणि नानाची उजवीकडे. घसरताना मला ज्या एका पायाने थोडाफार आधार दिला तो नानाचा होता. मोडली ती माझी, बिनसाबणाची.

त्याच वेळी उठून पुलापलीकडे जायला हवं होतं. दोनशे पावलंसुद्धा नव्हती. नाना, चूक माझी, तुझी पट्टी टेम्पोखाली गेली, ती चपटी होऊन भंगाराच्या पिंपात पडली आहे, जाऊन बघ, तुझा ठिपका आहे तिच्यावर. एवढंच सांगायचं होतं. मी फोन हातात घेऊन पुलापर्यंत गेलोसुद्धा. तिथे उभा राहिलो. आणि मग विचार केला की असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, घरी गेल्यावर समोर बसून बोलू. खरं तर तोंड नव्हतं मला. टेकराम ज्या गोष्टीसाठी संध्याकाळी थकलेला असताना टोपी घालून निघाला, तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

गुडघा चार दिवसांनी वळायला लागला. हवा दोन दिवस उघडी राहणार होती. मी पुन्हा वर गेलो.

वर

या वेळी टणक बर्फ लागताच स्की काढून पाठीवर बांधल्या आणि बुटांना बाजारातले काटे लावून पायी चढलो. वेळ दुप्पट लागला, पण घसरलो नाही. खिंडीत वारा असा होता की उभं राहायला कुऱ्हाडीवर ओणवं व्हावं लागे. तिथून शिखरापर्यंत अरुंद धार आहे. वीस पावलं, मग थांबायचं, मग पुन्हा वीस. आजवरच्या सगळ्या डोंगरांवर मी पावलं मोजत आलो आहे आणि बरोबर कुणीतरी थट्टा करायला असायचं. इथे मोजणारा मी आणि ऐकणाराही मी. सकाळी अकराच्या सुमारास आणखी वर जायला जागा उरली नाही.

काय दिसलं ते सांगतो, कारण जे गेले नाहीत त्यांनी ते ऐकायला हवं. उत्तरेला लाहौलचे डोंगर, रांगेमागे रांग, एकही झाड नाही, एकही घर नाही. दक्षिणेला दरीत निळसर धूर आणि नदीची रेघ. आकाश इतकं गडद की दिवसा ते तसं असू शकतं यावर विश्वास बसत नाही. मी काकीचं सुकेळं बनियनमधून काढून खाल्लं. गोड लागलं आणि डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने आलं, असं तिथे स्वतःला सांगितलं.

शिखरावर फोनला रेंज होती. बायकोला फोन लावला. वर पोचलो म्हणालो. ती हसली, मग रडली. मग म्हणाली, "नानाला सांगू का? काकी रोज येते विचारायला, तू खाली उतरलास का म्हणून. तो स्वतः येत नाही."

वारा होता, बोटं बधिर होती, बॅटरी संपत आली होती. पण नानाला एक फोन होण्याइतकी होती. "नको, मी आल्यावर बोलतो," असं मी म्हणालो. इतक्या वर्षांनी मिळालेली ती घटका मला नासवायची नव्हती. उतरताना स्कीवर खूप छान वळणं घेतली. त्यातलं एकही मला आता आठवत नाही.

टेकरामने निरोप देताना अक्रोडाची पिशवी दिली. मातीत काय सापडतं ते कळवा, असं मी म्हणालो. तो फक्त हसला.

उमेळे

वर्कशॉपला गेलो तर माझ्या टेबलावर फडक्यात गुंडाळलेला सेंटर पंच होता. कामगार म्हणाला, नाना त्या फोनच्या दुसऱ्या दिवसापासून आलेले नाहीत. हा द्यायला एकदा आले होते. हात थरथरतो, नजर राहिली नाही, उगाच कुणाचा जीव जायचा, असं म्हणाले.

तडक त्याच्या घरी गेलो. ओटीवर खुर्ची टाकून बसला होता. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं: टेम्पो, रविवार, साबण, डावं-उजवं. मोडके तुकडे त्याच्या हातात दिले. त्याने ते डोळ्यांजवळ नेले, मग डोळे मिटून अंगठ्याने कोपरे चाचपले.

"ठिपका मारायचा ऱ्हायला असंल माझा," तो म्हणाला. "साबन काळा झाला का तपकिरी, हल्ली कळत नाय मला. तू बोललास ते खोटं नवतं."

ठिपक्याची ती पट्टी पिंपात आहे, आत्ता आणून दाखवतो, असं म्हणून मी उठलो आणि स्कूटर काढून वालीवला गेलो. पिंप रिकामं होतं, झाडून धुऊन उपडं घातलेलं. दोन दिवसांपूर्वी भंगारवाला येऊन गेला होता.

परत येऊन मी ते सांगितलं तेव्हा नानाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या हातून एवढं साफ वळण येईल हे त्याला पटत नव्हतं, आणि पटलं असतं तरी त्याने दुसरंच समजून घ्यायचं ठरवलं होतं. "तू भला हायस, सुध्या," तो म्हणाला. "तुझा बापूस पन असाच होता. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घ्यायचा."

मी पुन्हा सांगायला लागलो. त्याने काकीला चहा ठेवायला सांगितलं आणि वरून काय दिसतं ते विचारलं. मग मी त्याला लाहौलचे डोंगर सांगितले, नदी सांगितली, ते आकाश सांगितलं. तो ऐकत होता, मधूनच मान हलवत होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. इतक्या वर्षांत मी ते कधी रिकामे पाहिले नव्हते.